सुर्कूफ

उद्यमबागेतली फाउंड्री सुटली की
कल्लाप्पाकाका हलगेकर चहा बशीत ओततात.
"नेव्हीत असताना कोचीला बघितलो की मी,
फ्रेंचांचं जहाज, नाव सुर्कूफ.
त्याच नावाची पाणबुडी बेचाळीस साली
माणसांसकट गेली, सापडलीच नाही.
तरी नाव परत रंगवलं त्यांनी,
एकदा नाही, दोनदा."

त्यांच्या मागं दुकानाची पाटी,
तीनदा खरवडलेली.
ऊन तिरकं पडलं की
जुनी अक्षरं रंगाखालून वर येतात.

मी म्हणतो, बुडालेल्याचं नाव कशाला, काका?

ते बशी पालथी घालतात.
"आमचा थोरला मार्कंडेय नदीत गेला.
त्याचंच नाव नातवाला ठेवलंय.
पोहायला शिकालंय पोरगं.
काठावरनं हाक मारताना
तोंड जरा अडतं.
मग ते ओ देतं."