दुसरी पाळी

लुब्लिनमधल्या आमच्या कलादालनात ती उभी आहे
सफाईवालीच्या निळ्या झग्यात.
हातांत रबरी मोजे, डाव्याची करंगळी फाटलेली.
चेहऱ्याच्या जागी स्टीलचं ताट,
घासून घासून असं झिजवलेलं
की बघणाऱ्याला आपलंच तोंड दिसावं, जरा वाकडं.
डोक्यामागे मात्र सोन्याचा वर्ख दिलेलं वलय.
पाटीवर लिहिलंय : देवमाता, दुसरी पाळी.

रविवारी मिस्सानंतर मीही होते फाटकाबाहेर,
हातात जपमाळ, गुडघे बर्फाच्या चिखलात.
झ्दिस्लावा रडत होती.
खरंच रडत होती, हे सांगायला हवं,
कारण वर्तमानपत्रात आम्ही नुसते ओरडणारे दिसतो.
भावना दुखावल्याच्या तक्रारीचा कागद फिरला.
मी सही केली.
माझी दुखावलीच होती.

सोमवारी रात्री दहाला गणवेश चढवला
आणि त्याच फाटकाला आतून कुलूप घातलं.

ओतिलिया, जिनं ती घडवली,
एकदा थर्मास घेऊन आली होती.
विचारलं, खटकते का तुम्हाला?
म्हटलं, हो.
मग राखता कशाला?
पगार मिळतो, म्हटलं.
ती हसली नाही. चहा फार गोड होता.

दोन वाजता मागची खिडकी वाजली.
त्सेझारी, माझा धर्मपुत्र,
ज्याच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती मीच धरली होती,
लाल रंगाचा डबा घेऊन आत उतरलेला.
मावशी, तुझ्यासाठीच तर, म्हणाला.
मी त्याच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिले.
धाडस वगैरे काही नव्हतं,
पाय तिथेच होते.
डबा हिसकताना फरशीभर सांडला.

घरी जा, म्हटलं. आईला उठवू नकोस.

पहाटेपर्यंत फरशी पुसत होते, गुडघ्यांवर,
वर ते ताट.
मी वर पाहिलं नाही.
वहीत लिहिलं : विशेष काही नाही.

या रविवारी मिस्सात गुडघे टेकले
तेव्हा माझ्या बुटाचा तळवा मागच्यांना दिसला असणार,
त्यावरचा लाल डाग.
झ्दिस्लावा पुढे वाकून कानात पुटपुटली,
देव तुझं भलं करो.

प्रार्थनेची पुढची ओळ मला आठवेना.
सगळे म्हणत होते.
मी नुसते ओठ हलवले.