हातगुण

साडेतीनलाच अंधार पडतो ऑलबोर्गला डिसेंबरात.
फ्योर्डवरचा पूल दिवे लावून घेतो.
तळघरातली माझी खोली तर बारा महिने रात्रीचीच:
एक यंत्र, एक खुर्ची,
आणि यंत्रात बिननावाचा एक पेशंट.

थोरकिल्ड ब्यरे येतात ड्युटी संपवून,
एकसष्ट वर्षांचे.
आधी हात धुतात. कोपरापर्यंत, घड्याळ लावून, तीन मिनिटं.
पहिल्या दिवशी मी म्हणाले, डॉक्टर, इथे जंतू नाहीत.
माहीत आहे, मरेन, म्हणाले,
आणि नखं घासत राहिले.
हात धुण्याला गुण नाहीत.
कंपनीला लिहून विचारलं मी.
उत्तर आलं: सूचना नोंदवली आहे.

मग बूट काढतात. मोज्यांतून पेडल कळतं म्हणे.
डाव्या टाचेला रफू, करड्यावर निळा.
खोबणीत कपाळ टेकवून
उतरतात एका पोटात
जिथे सगळं गुलाबी, ओलं, अगदी जवळ,
आणि कशालाच स्पर्श नाही.

तेच नडतं.
तीस वर्षं बोटांनी वाचलं त्यांनी माणसाचं आतलं:
ही शीर, ही गाठ, हे नुसतं भ्यालेलं आतडं.
इथे बोटं विचारतात, उत्तर येत नाही.
धागा ओढतात, तुटतो.
पुन्हा ओढतात, कड फाटते.
जोर जादा. टक्कर सात. रक्त चारशे मिली.
एकूण त्रेचाळीस.

सकाळी याच खुर्चीत यिप्पे बसून गेला,
दुसऱ्या वर्षाचा पोरगा, च्युइंगम चघळत.
ब्याण्णव.
त्याच्या हाताखाली अजून कुणी गेलेलं नाही.

त्रेचाळीस. सत्तेचाळीस. एकेचाळीस.
दर वेळी मी बटण दाबायला जाते,
म्हणजे तो उठेल कोराकरकरीत,
एक थेंब न सांडलेला.
थांब, म्हणतात ब्यरे, डोकं आतच ठेवून. अजून नको.
कशासाठी, ते मी विचारत नाही.
यंत्राचा पंखा तेवढा ऐकू येतो.

जानेवारीत एकदा म्हणाले,
याला परत न उठण्याची सोय आहे का?
मी सेटिंग धुंडाळली.
भाषा बदलता येते, चरबी वाढवता येते,
रक्ताचा रंग फिका करता येतो.
मरण कायम ठेवता येत नाही.
मग मीच म्हणाले, आज मी बटण दाबणार नाही.
एका रात्री एकच. गेला तर गेला,
तुम्ही घरी जायचं.

त्या रात्री त्यांनी सुई धरली
आणि किती तरी वेळ काहीच केलं नाही.
मग एक टाका. मग पुटपुटणं, स्वतःशीच:
पांढरी पडली कड की थांब. पांढरी पडली की थांब.
धागा ताणला, लकाकला,
तिथेच राहिला.
अकरा टाके. तुटला एकही नाही.
यंत्र म्हणालं, वेळ फार लागला. एकोणसत्तर.
पास व्हायला ऐंशी लागतात.
त्यांनी बूट घातले
आणि दारातून वळून पडद्याकडे पाहिलं,
वॉर्डातून निघताना पाहतात तसं.

फेब्रुवारीअखेर एक्याऐंशी.
मार्चात वरच्या मजल्यावर त्यांची पहिली केस,
फेरीबोटीची कप्तान बाई, डावं मूत्रपिंड.
मी तिथे नव्हते, माझं काम खालचं.
सकाळी सहाला खोली उघडली
तर यंत्र बंद, खुर्ची गार,
बेसिनमध्ये फेस अजून विरायचा होता
आणि टॉवेल ओला.