आयतं पीठ

कुरेसारेच्या वाचनालयात
सर्व्हर जुन्या कोटांच्या कपाटात राहतो,
शेजारी झाडू, बर्फावर टाकायची वाळू
आणि उर्मास जाताना विसरला तो हिरवा मग.

पहिल्या हिवाळ्यात तीन आठवडे गेले माझे
पुस्तकांची नवी यादी लोकांपुढे उघडायला.
उर्मासची वही होती. वहीत लिहिलेलं,
‘नेहमीप्रमाणे सेटिंग बदला.’
नेहमीप्रमाणे!
पोर्ट बंद. परवानगी नाही. आवृत्ती जुळत नाही.
रात्री अकराला फोन केला, तर हसला.
‘अगं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं.’
सगळे म्हणजे तो एकटा.

फेब्रुवारीत समुद्र गोठला,
हीउमा बेटाकडचा बर्फाचा रस्ता उघडला.
काठावर पाटी होती:
पट्टा सोडा. मध्ये थांबू नका.
आणि पुढे, धुक्यात, थोड्या थोड्या अंतरावर
जुनिपरची एकेक फांदी रोवलेली.
कुणी रोवली, नाव नव्हतं.
मागून एखादी अजिबात माहीत नसलेली बाई येईल
हे त्याला बोटं बधिर झालेली असतानाही
सुचलं होतं.

परतल्यावर एक रिकामं यंत्र घेतलं,
पहिल्यापासून लिहायला बसले,
आणि देवघेवीच्या टेबलावरच्या लेलोला म्हटलं,
तू कर. मी तोंड उघडणार नाही.
तिसऱ्याच ओळीला ती अडली.
‘टर्मिनल उघडा? आत्ता?
शेवटची बोट तर सातलाच गेली.’
मी ओळ खोडली. पुन्हा लिहिली.
त्या संध्याकाळी अकरा ओळी खोडल्या.

उरलं ते सगळं एका फाइलीत बांधलं:
डेटाबेस, कुलपं, किल्ल्या कुठे ठेवायच्या ते.
आता एकच आज्ञा द्यायची,
आणि तिच्याखाली मी लिहिलंय,
‘इथे चार मिनिटं काहीच हलणार नाही.
बिघडलेलं नाही. चहा घ्या.’

उर्मास म्हणाला, म्हणजे आता कुणीही येऊन
आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार.
ओढू देत की.
मी दळलं कशाला मग?

एप्रिलमध्ये रुह्नूच्या शाळेतून मास्तरांची चिठ्ठी आली.
तिथे साठ-सत्तर माणसं, एक दीपगृह, एक शाळा.
‘चाललं. फक्त
चहा संपला तरी ते हलेना. पाच मिनिटं लागली.’

चारचे पाच केले.