चौदावं व्याख्यान

क्विरिला नदीच्या काठावरून डबा सुटतो
आणि मँगनीजच्या कड्याला लागतो, मध्ये साडेपाच मिनिटं.
तेवढ्यात प्राध्यापकांचा एक फळा भरतो.

मग मी त्यांना थांबवते. दार उघडते.
चार खाणकामगार, एक बाई, बाईची कोंबडी.
दार लावते, दोनदा घंटी,
आणि खडू जिथे अडला होता तिथून पुढे.
एक व्याख्यान मला नऊ फेऱ्या पुरतं,
अवघड असलं तर आठवडा.

दारेजान, या वयात? असं विचारतं सगळं चियातुरा.
वय त्रेचाळीस. शाळेत गणित मला यायचं.
मग शाळेतली वीज गेली ती गेलीच,
गणिताचे शिक्षक मॉस्कोला विटा रचायला गेले,
आणि हातचा एक माझ्यापाशीच राहिला
पंचवीस वर्षं, कुठल्याच बेरजेत न मिळवलेला.

इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं.
पण डेरिव्हेटिव्ह म्हणताना सर तळहात तिरका धरतात,
आणि उतार मला कोणी शिकवायला नको.

मला वाटायचं, दोन खांबांमध्ये हा दोर लोंबतो
तो अन्वस्त.
बाराव्या व्याख्यानात त्यांनी तो पुसून टाकला.
दिसतो तसा, म्हणाले, पण नाही.
स्वतःच्याच वजनाने लोंबणाऱ्याचा वक्र निराळा:
एक घातांक चढता, तोच एकदा उतरता,
दोघांची बेरीज, तिची अर्धी.
मी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं.
अठरा वर्षं ज्याच्या खाली उभी आहे
त्याचं नाव मला चुकीचं माहीत होतं.

ओतारला सांगितलं. तो दोराला ग्रीस लावतो.
त्याने दोरावर तळवा ठेवला, डोळे मिटले,
म्हणाला, नाव काहीही असू दे, आज चार बोटं सैल आहे.
रात्री मी पायथॉनमध्ये वीस ओळी लिहिल्या.
उत्तर आलं तीन बोटं.
चौथं उन्हाचं होतं. उष्णता मी धरलीच नव्हती.

त्या वर्गात मागे कुठेतरी एक मुलगी बसते.
कॅमेरा तिच्याकडे वळत नाही.
उशिरा येते, खुर्ची ओढते, खोकते,
आणि नेमकं माझ्या तोंडातलं विचारते.
तेराव्याच्या शेवटी तिने विचारलं:
सर, पायरी लहान लहान करत नेली
तर चूक शून्य होईल?
सर हसले. हात झटकले, खडूची धूळ उडाली.
पुढच्या वेळी.

चौदावं नाही.
यादीत तेरानंतर थेट पंधरा,
मध्ये एक ओळ: ध्वनिमुद्रण बिघडलं, क्षमस्व.
पंधराव्यात सर म्हणतात, परवा पाहिलंच आपण.
आणि मागून ती म्हणते, हो.

त्या एका 'हो'चा मला राग आला.
आपल्याकडे अंधार
आणि शेजारच्या खिडकीत दिवा, तसा.

मग हिवाळाभर, फेऱ्यांच्या नोंदवहीत, मागच्या पानांवर,
वाऱ्यात झुलणारा डबा कधी स्थिरावेल
ते पायरीपायरीने मोजत गेले.
पायरी अर्धी, चूक अर्धी.
पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी.
ओतार म्हणाला, मग झालं की.
मी पायरी इतकी बारीक केली
की फोन रात्रभर उशाशी तापत राहिला,
आणि पहाटे पाहते तर
चूक वाढलेली.

तीनदा तपासलं. बरोबर होतं.
प्रत्येक पायरीला यंत्र शेवटचा कण टाकून देतं,
हातचा ठेवत नाही,
आणि पायऱ्या कोट्यवधी झाल्या
की टाकलेल्या कणांचाच ढीग होतो.

म्हणजे नाही, होणार नाही शून्य.
हे मी त्या मुलीला मोठ्याने सांगितलं,
रिकाम्या डब्यात, मधल्या खांबाजवळ.
ध्वनिमुद्रण अकरा वर्षं जुनं.
ती आता पूल बांधत असेल, किंवा नसेल.

मार्चमध्ये कुताइसीहून तपासनीस आला.
वही चाळता चाळता मागच्या पानांवर थबकला.
हे काय?
चौदावं, मी म्हटलं.
त्याने पान आडवं धरलं, उभं धरलं,
मग खाली सही केली,
आणि शिक्का मारला.