खोलीचा आवाज

शाळा सुटल्यावर तिसरीच्या वर्गात
आम्ही बाकं भिंतीला लावली.
खिडक्यांना काळा कागद, मध्ये धोतराचं पान,
मागे दोनशे वॅटचा दिवा.
ताडीवाला रोडच्या पोरांनी पुठ्ठ्यातून कापलेली माणसं
त्यावर पहिल्यांदा चालली,
तेव्हा मी फोकस शोधत होते.
म्हणजे ते मला दिसलं नाही.
कार्डात आहे.

संस्थेचं पत्र साधं होतं :
फिल्म सहा मिनिटं, मराठी, खाली इंग्रजी,
मुलं हसरी हवीत,
आधी कशी होती, नंतर कशी झाली हे यावं,
विश्वस्तांचे दोन शब्द, शेवटी लोगो.
मानधन दोन हप्त्यांत.
पहिला हप्ता ट्रायपॉडच्या पायात गेला.

थोपटे बाई कॅमेऱ्यापुढे
शिक्षणाधिकाऱ्यांसमोर बोलावं तसं बोलल्या.
बंद केल्यावर म्हणाल्या,
“खरं सांगू का, पहिल्या दिवशी मला त्या सावल्यांची भीतीच वाटली.
कोण कुणाची आई कापून आणील, सांगता येत नाही.”
बंद केल्यावर.
नेहमी बंद केल्यावरच.

अल्फिया चार वेळा तेच हसली, चारही वेळा छान.
सिद्राम वड्डर बोललाच नाही.
नाव? मान हलवली.
काय बनवलंस? पुठ्ठा पुढे केला :
एक माणूस, त्याच्यापुढे हातगाडी,
एक चाक गोल, दुसरं जरा अंड्यासारखं.
हे चुकलंय का रे, मी विचारलं.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी बॅटरी बदलायला घेतली.

शेवटी सांगितलं, आता तीस सेकंद
कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही,
खोलीचा आवाज घ्यायचाय.
“खोलीला कुठं आवाज असतो?” मागून कुणीतरी.
असतो. तोडलेल्या वाक्यांच्या फटीत तो भरतात,
नाहीतर माणूस बोलता बोलता
विहिरीत पडल्यासारखा वाटतो.

बत्तीस पोरं गप्प.
पंखा. स्टेशनाकडून शंटिंगचा धक्का,
मग त्या धक्क्याचा धक्का, लांबपर्यंत.
कुणाच्या तरी पोटातली भूक.
तीस झाले, चाळीस झाले,
मला ‘झालं’ म्हणवेना.

मग सिद्राम आला. हेडफोनकडे बोट.
त्याला तो मोठा व्हायचा, दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिला.
बाविसाव्या सेकंदाला त्याचं पहिलं वाक्य :
“ही आमची गाडी.”
मी पुन्हा लावलं.
कुंई. जरा थांबून, कुंई.
मला दार वाटलं होतं.

सदाशिव पेठेत एडिटला मंदार म्हणाला,
एका क्लिकमध्ये जाईल हे.
राहू दे म्हटलं.
विश्वस्त ‘सर्वांगीण विकास’ म्हणतात,
त्याच्याखाली ती गाडी जाते.
लोगोखालीही जाते, हळू.
संस्थेने तीन दुरुस्त्या कळवल्या,
आवाजाची एकही नाही.

फिल्म शाळेच्या पटांगणात दाखवली, त्याच धोतरावर.
सिद्रामचा बाप गाडी फाटकाबाहेर लावून
उभ्यानेच बघत होता.
पोराने मागे वळून खूण केली, कानाला बोट.
बापाने ऐकलं. मान खाली घातली.
मला वाटलं, भरून आलं असेल.
आमच्या धंद्यात असंच वाटतं.

महिन्याने दुसऱ्या हप्त्याच्या कागदावर सही घ्यायला गेले,
सिद्राम फाटकाशीच भेटला. आता बोलतो.
“अप्पानं दुसऱ्याच दिवशी वंगण घातलं चाकाला.
म्हणाला, एवढ्या लोकांत अब्रू गेली.”
मग जरा थांबून, जणू मीच तेल ओतलं असावं तसा :
“आता तो गल्लीत आला तरी कळत नाही.”

पुढच्या खेपेला मी ते चाळीस सेकंद
पेनड्राइव्हवर घालून त्याच्या हातात दिले.
त्याने खिशात नीट ठेवला, वरून थोपटला.
तो लावायला त्यांच्या घरी काहीच नाही,
हे मला रिक्षात, मालधक्का चौकात सुचलं.