दोन हजार फुटांवरून हरिपूर

सोमवार ते शुक्रवार मी हळदीच्या सौद्यात असतो.
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तो काळ वडिलांचा.
माझा भाव फोनवर ठरतो,
पण नखं अजून पिवळीच आहेत.
वैमानिकाच्या परवान्यावर, फोटोशेजारी,
माझ्याच अंगठ्याचा डाग आहे, पुसला जात नाही.

शनिवारी पहाटे कराड.
धुकं उठायच्या आत युनूस मुल्ला
पंखाखाली काचेची नळी धरतो,
टाकीतलं निळसर पेट्रोल काढून
उजेडाकडे करतो: पाणी नाही ना.
मला दर वेळी आजोबा आठवतात.
हरिपूरचं पेव उघडलं की आधी ते
दोरीनं कंदील सोडायचे आत.
ज्योत विझली, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
आमच्या घरात हवा तपासायची रीत जुनी आहे,
फक्त दिशा बदलली.

"घाई नाही करायची, मालक,"
म्हणत युनूस कुंपणाच्या भगदाडातून आलेलं कुत्रं
शीळ घालून पट्टीवरून हाकलतो.

मग पंचावन्न नॉट,
आणि चाकांची खडखड थांबते ती एकदम,
जसं भांडणाऱ्या दोघांपैकी एकानं
अचानक ऐकून घ्यावं.

प्रीतिसंगम. आगाशिवची लेणी
काळ्या बिंदूंसारखी मागे पडतात.
पंखाखाली कृष्णा धरून निघतो.
नकाशा मांडीवर असतो, उघडत नाही;
नदी सांगलीलाच चालली आहे,
तिच्याकडे माझ्यापेक्षा वेळ जास्त आहे.
कुठे उसाचा फड पेटवलेला,
धूर आडवा होऊन वारा कुठला ते सांगतो.
आष्टा. मग आयर्विन पूल,
हळकुंडाएवढा.
हरिपूरला वारणा येऊन मिळते,
रंगाचा फरक थोडा वेळ टिकतो आणि संपतो.
पेवं कुठे होती ते वरून कळत नाही.
शेतं आहेत, एक ट्रॅक्टर आहे.
जमिनीनं पोटात काय सांभाळलं होतं
ते एवढ्या उंचीवरून कसं दिसणार.

आणि घर.
त्रिशला म्हणाली होती,
गच्चीवर पिवळी चादर घालते, दिसेल.
सांगलीत एका सकाळी किती गच्च्यांवर
काही ना काही पिवळं वाळत असतं
हे मला काल कळलं.
एक गच्ची धरली. वरून गोल फिरलो.
पंख हलवले, दोनदा.
तिथल्या बाईनं हात हलवला.

संध्याकाळी मेथी निवडताना त्रिशला म्हणाली,
"दिसले का मी?"
"दिसलीस की."
"काय करत होते?"
"हात हलवत होतीस."
तिनं एक जुडी संपवली. दुसरी सोडली.
"मी तर आईंच्या गोळ्या आणायला खाली गेलते."

आज रविवार, कवलापूर.
ही जुनी धावपट्टी, हिच्यावरून आता काही उडत नाही.
भेगांमधून कुसळ वर आलंय,
एका कडेला कुणाच्या मिरच्या वाळताहेत,
पोरांनी विटा रचून स्टंप केलेत.
त्रिशलाला स्कूटर शिकायची आहे.
सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि माझ्याकडूनच,
हे तिनं परवा ठरवलं.

मी सांगतो: नजर लांब ठेव, चाकाकडे नको.
वेग हळूहळू. हात घट्ट नको धरूस,
ती आपोआप सरळ जाते.
"विमानातलं सांगू नका," ती म्हणते.
तेवढं एकच येतं मला, मी म्हणत नाही.

निघाली.
डळमळली, पाय टेकवला, परत निघाली.
मिरच्या चुकवल्या.
पोरांनी खेळ थांबवून वाट दिली.
पट्टीच्या टोकाशी जिथं वळायचं ठरलं होतं
तिथं ती वळली नाही,
बाभळीपलीकडच्या कच्च्या रस्त्याला लागली,
आणि ओढणीचा ठिपका तेवढा उरला,
कुठल्या रंगाची नेसून आली होती
ते मी सकाळी पाहिलंच नव्हतं.

मी हात वर केला. हलवला, दोनदा.
बाउंड्रीवर उभ्या असलेल्या एका पोरानं
मला परत हात केला.