शिंपल्याचं प्रमेय

आचऱ्याच्या खाडीत ओहोटी लागली
की बायका गुडघाभर चिखलात उतरतात, तिसऱ्या काढायला.
त्यांच्याकडून वाटीभर मागून घेतल्या,
खाण्यासाठी नव्हे.

कागदावर माझा जीवाणू केव्हाचा अडकून पडलाय.
मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातले दोन घ्या,
एवढी त्याची लांबी.
एवढ्याशा अंगाला पाणी पाण्यासारखं लागत नाही,
थंडीत बरणीच्या तळाशी बसलेल्या काकवीसारखं लागतं.
आपण हात थांबवला तरी थोडे पुढे जातो.
तो थांबला की थांबला,
अणूच्या रुंदीइतकाही सरकत नाही.
म्हणून समीकरणातून जडत्वाचं पद खोडलं
आणि त्याच्याबरोबर काळही गेला.
उरला दाब, चिकटपणा,
आणि अंग हलवण्याची रीत.

शिंपलं उघडलं, मिटलं.
मिटताना जेवढं पुढे, उघडताना तेवढंच मागे.
सावकाश करा, घाईनं करा,
बेरीज शून्य.

हे मी होडीत बसून बुधाजी सारंगांना सांगत होते.
पूल झाल्यापासून तरीला गिऱ्हाईक नाही,
मी आणि माझी सायकल.
त्यांनी ऐकून घेतलं. विडी कानामागे खोचली.
"ह्या तडीसून त्या तडीक, त्या तडीसून ह्या तडीक.
म्हणजे मी चाळीस वर्सां थंयच?"

मला उत्तर आलं नाही.
वहीत शून्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या,
त्या हातानं झाकल्या.

मग नुसती बघत राहिले.
बुधाजी मागच्या टोकाला उभे, एकच वल्हं.
डावीकडे रेटताना पातं एका अंगाला कलतं,
उजवीकडे येताना मनगट पिरगळतं
आणि पातं दुसऱ्या अंगाला.
जाणं आणि येणं एकावर एक बसत नाहीत.
होडी चालते ती त्या पिरगळण्यावर.

जीवाणूच्या शेपट्या मळसूत्री,
मुळाशी गरगर फिरतात, जुडी होऊन ढकलतात.
एखादी उलट फिरली की जुडी सुटते,
तो भेलकांडतो,
आणि भलत्याच दिशेला तोंड करून निघतो.
गोड लागत गेलं तर जरा जास्त वेळ.

"मनगटात काय करता?" मी विचारलं.
"काय करतंय? कायच नाय."

होडी वाळूला लागली. सायकल उतरवली.
वाटीतल्या तिसऱ्या उथळ पाण्यात ठेवल्या.
बराच वेळ काही नाही.
मग एकीनं पांढरा पाय बाहेर काढला,
वाळूत खुपसला, फुगवला, आणि स्वतःला आत ओढलं.
मी मोजत होते.
अकरा. नऊ.
सहा.